बिनअर्काची नळी

घाबरणं मला फारसं जमत नाही. उभी नोकरी साहेबांच्या केबिनमध्ये ये-जा करण्यात गेली. त्यापुढे भुताखेतांचं काय? तरी त्या दुपारचं सांगतो. खुर्ची जरा जवळ घ्या.

पुतणीचा फोन आला. "काका, गॅलरीतल्या कुंडीतला मूठभर पाला घेऊन लॅबमध्ये याल? ताजाच हवाय."

कुंडी माझ्या बायकोची. ती गेल्यापासून पाणी मी घालतो, तरीही झाड जगलं आहे. कुणाचा घोटा-गुडघा सुजला की ती हाच पाला वाटून बांधायची. पुतणीनं प्रबंधाला तोच विषय घेतला होता.

सुट्टीमुळे इमारतीत चिटपाखरू नव्हतं. लॅबचे पडदे ओढलेले. स्पिरिटचा आणि ठेचलेल्या पाल्याचा वास. कोपऱ्यातलं एक यंत्र जेवून बसलेल्या हेडक्लार्कसारखं एका सुरात घुरघुरत होतं.

"सुजेची चाचणी पास झाली," पुतणी म्हणाली. "अंड्यातला पांढरा बलक तापवला की गढूळ होतो. काकूच्या पाल्याचा अर्क घातला की नितळ राहतो."

"मग घोडं अडलं कुठे?"

तिनं जांभळ्या द्रावाच्या नळ्या दाखवल्या. अर्क अँटिऑक्सिडंट असेल तर जांभळा रंग पिवळा होतो. एका नळीत मात्र अर्क घालायचाच नाही. ती तुलनेसाठी, जांभळीच राहायला हवी.

"तीसुद्धा पिवळी होते, काका. दर खेपेला. आमच्या गाइड मॅडम म्हणतात, तुझ्या हाताला स्वच्छता नाही. आज जमलं नाही तर विषय बदल म्हणाल्यात. सगळी मेहनत पाण्यात."

तिनं माझ्यादेखत मी आणलेला पाला ठेचून त्याचा अर्क नळ्यांत घातला. शेवटच्या नळीत नुसतं स्पिरिट. मग स्टँड कपाटात ठेवून दार लावलं. रंग बदलेपर्यंत नळ्यांना अंधार लागतो म्हणे. "उघडू नका हं," असं बजावून ती वापरलेल्या नळ्या धुवायला शेजारच्या खोलीत गेली.

मी कपाटाला लागून स्टुलावर बसलो. पाल्याचा वास हळूहळू दाट होऊ लागला. यंत्राची घुरघुर थांबली. बंद कपाटात काचेला काच हलकेच लागली... पुन्हा लागली. मग आतून आवाज आला.

"च्च."

हा आवाज मी संसारभर ऐकला होता. जेवताना कुणाची वाटी रिकामी दिसली की बायको अशीच चुकचुकायची, आणि आपण 'नको' म्हणेपर्यंत वाटी भरलेली असायची. माझं पोट त्याला साक्षीदार आहे.

मी फटीशी तोंड नेलं. "अगं... ती नळी तशीच राहू दे."

मी आणखी जवळ सरकलो.

"पोरीची डिग्री अडलीय... बाकीच्यांना वाढ हवं तेवढं. तिला नको. ऐक ना..."

फटीतून माझ्या गालावर गार श्वास आला. लांबलचक, नाइलाजाचा. नवऱ्याचं ऐकावं लागलं की सोडतात तसा.

पुतणीनं येऊन कपाट उघडलं. साऱ्या नळ्या पिवळ्या, शेवटची जांभळीगर्द. ती मटकन खाली बसली, हसली, डोळे पुसले आणि मॅडमना फोटो पाठवला.

"काका, काय केलंत तुम्ही?"

"काही नाही. वशिला लावला."

लगेच मॅडमचं उत्तर आलं: लिहायला घे. पुतणी नाचतच जिन्याकडे गेली. मीही खुशीत होतो. पेन्शनीत निघाल्यापासून माझ्या शब्दानं अडलेलं काम हे पहिलंच हललं होतं.

"काका, धुण्याच्या खोलीतला दिवा तेवढा घालवा," ती बाहेरून म्हणाली.

मी बटणाकडे हात नेला, आणि तो तिथेच राहिला. तिनं धुऊन निथळायला पालथ्या घातलेल्या नळ्या काठोकाठ भरल्या होत्या. पिवळ्याधमक. तोंडं खाली होती, आणि खालचा ट्रे कोरडा ठणठणीत होता.

दिवा मी चालूच ठेवला.