रेशमाचे हाड

कोष वेचायचा दिवस आला की गावातले रेशीमवाले उद्धवरावांना बोलावत. दारात जंतू मारायला टाकलेल्या चुन्यावर पाय ठेवून त्यांनी आधी शेडमध्ये जायचे, कोषांवरून हात फिरवायचा, मग बाकीच्यांनी कामाला लागायचे. हा मान त्यांच्या उजव्या मांडीचा होता. ट्रॉलीखाली सापडून तिथले हाड चुरा झाले, तेव्हा डॉक्टरांनी रेशमातल्या प्रथिनाची जाळी बसवली. अशी जाळी शरीरात हळूहळू विरते आणि तिच्या आधाराने नवे हाड धरते. उद्धवराव काठीविना चालू लागले. रेशमाने पाय दिला, म्हणून तो पाय रेशमाला लाभतो, असे लोकांनी ठरवून टाकले.

"पायगुण सुनेचा बघतात," बायको आशामती म्हणायची, "गावानं तुम्हालाच सून केलं."

या खेपेस पुतण्याच्या शेडमध्ये आशामतीने कोष उचलला, तर तो बोटांत शिजल्या भातासारखा दबला. दुसराही तसाच. शेजारच्या शेडमध्येही तीच गत. त्याच आठवड्यात उद्धवरावांची मांडी ठणकू लागली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टर फरहाना यांनी मांडीतला द्राव आणि मऊ पडलेला कोष, दोन्ही तपासले. दोन्हीत एकच जंतू निघाला, रेशीम खाणारा. तो कोषातून मांडीत शिरला का, असे आशामतीने विचारले. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. विरत्या जाळीवर जगायला तो मांडीतच शिकला होता आणि घामावाटे बाहेर पडून त्यांच्या हातांनी कोषांवर जात होता. हाड अर्धेच धरले होते आणि उरलेली जाळी तो संपवत चालला होता.

"पाय राहील का?" उद्धवरावांनी विचारले.

"आज जाळी काढली तर राहील. चालता येईलच असं नाही. पण काका, तुम्ही कुणाकुणाच्या शेडमध्ये गेलात ते आधी सांगा. ते कोष जाळावे लागतील. हा जंतू उकळूनही मरत नाही."

उद्धवराव एकेक नाव आठवू लागले. ज्यांनी नारळ देऊन मान दिला, त्यांचेच पीक पेटवायला सांगायचे होते.

पलीकडच्या खाटेवर एक लहान मुलगी झोपली होती. तिच्या मणक्यात सकाळीच नवी जाळी बसवली होती. तिची आई पेढे वाटत आली.

"काका, तुमच्याच पट्ट्यातलं रेशीम आहे म्हणे. तुमच्यासारखीच चालेल ना ती?"

उद्धवरावांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग डॉक्टरांकडे वळून त्यांनी हळूच विचारले, "हिच्या जाळीचे कोष कुणाच्या शेडमधले?"