शिसमाची पांढरी कड

“भाऊजी, त्या फळीले हात नका लावू! माह्या पोरीच्या देवघराले घुण नाही पाहिजे मले!”

रागिणीचे ते जहरी शब्द देवमनच्या काळजात रुतले! अमरावतीच्या घरच्याच वर्कशॉपात, कारागिरांदेखत... धाकटा भाऊ किशोर, तिचा नवरा, खाली मान घालून उभा होता.

पंचवीस वर्षांपूर्वी किशोरच्या साक्षगंधात रागिणीच्या वडिलांना या भावांनी शिसमाचं कपाट दिलं होतं. महिन्याभरात त्यातून पिठासारखी भुकटी गळू लागली. सोयरीक मोडणार, तेवढ्यात देवमन म्हणाला, “फळ्या मीच कापल्या.” तेव्हापासून या घरात त्याची एकच ओळख... कीर्तनात डोलणारा, लाकूड न कळणारा माणूस!

आज रागिणीच्या लेकीच्या, दामिनीच्या लग्नासाठी, तिच्या देवघराकरता, तेच कपाट तिच्या आजोळाहून, अकोल्याहून आणून खोललं होतं. गाभा अजून लोखंडासारखा! जांभूळकाळा, काळ्या रेघांचा, रंधा फिरताच गोड वास सोडणारा. घुणानं खाल्ली होती ती फक्त सालीलगतची पांढरी कड. शिसमाचा गाभा किडीला दाद देत नाही, कड मात्र ती पोखरतेच. म्हणून जाणता सुतार कड आधी काढून टाकतो.

लेकीसारख्या पुतणीचं देवघर तरी आपल्या हातून व्हावं... पांडुरंगाकडे देवमननं एवढंच मागितलं होतं!

“बाहेरचा मिस्तरी आणू,” रागिणी फणकारली. “यायले टाळ कुटू द्या!”

“आई, हे काय लिवलं?” दामिनीनं फळी उलटली.

जो फळी कापेल त्यानं आतल्या अंगाला नाव लिहायचं, हा दोघा भावांच्या बापाचा दंडक. देवमन झेपावला, अंगठ्यानं अक्षरं पुसू लागला... रागिणीनं त्याचं मनगट धरलं.

पेन्सिलीनं लिहिलं होतं... ‘किशोर’.

“पंचवीस वर्षं?” ती नवऱ्याकडे वळली. “माह्या तोंडून देवमाणसाले शिव्या देवविल्या, अन् तुमी आयकत राह्यले?”

“लग्न मोडलं असतं...” किशोर हुंदक्यानं कोसळला. “मंग रोज वाटे सांगू... भेव वाटे, दादा!”

“थू तुमच्या भेवावर! तुमी या देवघराले हात लावाचा नाही. भाऊजीच करतीन!” आणि ती थोरल्या दिराच्या पायांवर कोसळली.

“ऊठ, माय,” देवमनचे डोळे वाहू लागले. “ते पोरगं शिकाऊ व्हतं. फळी तपासाचं काम माह्यं. अन् मी त्या दिवशी कीर्तनात जाऊन बसलो व्हतो... चूक माहीबी हाय.”

“मोठे बाबा!” दामिनी त्याला बिलगली.

त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, रंधा उचलला आणि भावाकडे पाहिलं.

“रडतं काय लेका? फळीचं ते टोक धर. सरळ धरजो.”