वीणेचा पहारा

माझी पुतणी सुप्रिया पोलंडात सिनेमा शिकते. एकच चित्रफीत दोन देशांतली माणसं कशी वेगळी पाहतात, हा तिचा प्रबंध. मी खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत अँटेना फिरवणाऱ्या मोटारी सांभाळून निवृत्त झालो. कारणाशिवाय काही हलत नाही, एवढं तिथं शिकलो. बाकी जन्म कीर्तनात, टाळ घेऊन उभा. म्हणूनच तिनं फीत मला पाठवली. कुणा परदेशी प्रवाशानं आमच्याच गावच्या सप्त्यात घेतलेली, काळीपांढरी, मुकी.

मुकी असली तरी मला कीर्तन ऐकू येत होतं. बुवांचा हात वर गेला की माझी टाच आपोआप उचलली जाई. मागं खांबाशी विणेकरी उभा. माझा आजा, सोनबा.

सप्त्यात वीणा जमिनीला टेकवत नाहीत, गळ्यात असेतो बसायचंही नाही. पुढचा माणूस येतो, पाया पडतो, मान पुढं करतो, मगच ती या गळ्यातून त्या गळ्यात जाते. आज्याच्या पहाऱ्याला बदली आलाच नाही. उभ्याउभ्याच गेला, असं घरात सांगतात.

फोनवर सुप्रिया म्हणाली, "तात्या, हितं कुणाला तो दिसलाच नाय. सगळी बुवांकडं बघत्यात."

"मला तर तोच दिसतो. खांबापुढं उभाय."

"खांबामागं, तात्या."

"अगं पुढं! चष्मा लाव, शिकलेली बाई."

ती हसली. दोघांनी एकदमच फीत लावली. हसणं थांबलं. आजा खांब सोडून टाळकऱ्यांच्या रांगेत आला होता. तोंड आमच्याकडं.

"फाइल बदलली का गं?"

"तीच हाय."

"मग बंद कर ती."

"प्रबंध हिच्यावरच उभाय, तात्या. दुसरी आता कुठनं आणू?"

ती लावत राहिली. मीही चोरून लावत होतो. आजा बुवांच्या पुढं आला. मग पडद्यावर चेहरा नि खांदाच उरला. ओठ सुकलेले. खांद्यावर वीणेच्या पट्ट्याचा वळ.

काही दिवसांनी तिचा फोन आला. आवाज बसलेला.

"लई दमल्यागत दिसला वो. ऱ्हावलं नाय. पाया पडले."

"पडद्याच्या?"

"सवय. वाकले."

"मान पुढं केलीस?"

"केली."

"सुप्रिया, व्हिडिओ लाव."

ती उभी होती. मागं रिकामी खुर्ची. डावा हात खांद्याशी, जणू काहीतरी धरलंय. उजव्या हाताचं बोट छातीपुढच्या मोकळ्या हवेत चालत होतं. सावकाश, तालात.

"कधीपासून उभी हाईस?"

"कालपासनं."

"बस की."

"कशी बसू, तात्या? खाली ठेवायची नसती."

मी फीत लावली. बुवा होते, टाळकरी होते. आजा कुठंच नव्हता.

खिडकीबाहेर टोमॅटोच्या रानापलीकडं अँटेना हळूहळू फिरत होती.

"दुसरं कुणी येईल का?" तिनं विचारलं. एका पायावरचा भार तिनं दुसऱ्यावर घेतला.

मी फोन फडताळाला टेकवला. टोपी सारखी केली.

"पोरी, माझ्याकडं बघ."

वाकलो. मान पुढं केली.

तिकडं खुर्ची करकरली.

माझी बायको म्हाळसाबाई चहा घेऊन आली. माझ्या उजव्या हाताच्या चालत्या बोटाकडं बघत राहिली.

"उभं काय ऱ्हायलाय?" ती म्हणाली. "बसा की वाईच."