उबेच्या कपाटातली ओल

"तीनशे पन्नास मीटर," टेपचं टोक धरून बुटकी मैदानाच्या पलीकडून ओरडली.

सुट्टीत ती आजोळी आली, त्या दिवशी आजोबांचा हाच बाण चारशे दहा मीटर गेला होता. आजोबांनी हातातल्या धनुष्याकडे पाहिलं. मधे लाकूड, आतून म्हशीचं शिंग, बाहेरून सरसाने चिकटवलेले जनावराच्या शिरांचे धागे. वर्षभर खपून त्यांनी ते बनवलं होतं.

"धनुष्याला कशाला बोल लावू? हातच गेला माझा," ते म्हणाले. "हे शेवटचं. आता काम बंद."

बुटकीला रडूच फुटायचं बाकी होतं. तिचा मामेभाऊ मात्र धनुष्य हुंगत होता. घरात त्याला वकील म्हणत, कारण आमटी अळणी आहे हेसुद्धा तो पुराव्यानिशी सांगे.

"साबणाचा वास येतोय," तो म्हणाला.

"मग तुझ्या अंगाचा नसणार," बुटकीने डोळे पुसत टोला हाणला.

धनुष्य राहायचं कार्यशाळेतल्या उबेच्या कपाटात. सरसाला ओल लागली की धनुष्य ढिलं पडतं, म्हणून आत सतत बल्ब जळे. आत ओल आहे का पाहायला दोघांनी त्या रात्री तिथे बशीत कोरडं मीठ ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतात तर मिठाला पाणी सुटलेलं.

तिसऱ्या दिवशी उजाडताच दोघं कार्यशाळेतल्या टेबलाखाली दबा धरून बसले. शीळ घालत मामा आला, नुकताच पोहून आलेला. त्याने ओला टॉवेल आणि चड्डी खुशाल कपाटात लटकवली.

"बाबा, हे रोजचंच का?" वकिलाने टेबलाखालूनच उलटतपासणी सुरू केली.

मामा दचकला. "अरे, आजोबा यायच्या आत कडकडीत वाळतात. बल्ब जळतोच आहे ना?"

"आणि त्यातलं पाणी कुठे जातं?"

मामाने बशीकडे पाहिलं, मग धनुष्याकडे, आणि त्याचा चेहराच उतरला. स्वतः जाऊन त्याने आजोबांपुढे सगळं कबूल केलं. आजोबांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

आठवडाभर कोरड्या उबेत राहिल्यावर धनुष्य पुन्हा मैदानात आलं. बाण सुटला. या वेळी टेप धरून मामाच धावला.

"चारशे बारा!"

आजोबांनी धनुष्य हळूच खाली ठेवलं. मग दोन्ही नातवंडांना त्यांनी कुशीत ओढलं.

"गुणाची गं माझी पोरं," ते म्हणाले. "मी म्हातारा झालो असं मी मानून बसलो, तुम्ही नाही मानलंत."

दुपारी कार्यशाळेत करवतीचा आवाज आला. दोघं धावत गेले. आजोबांनी माळ्यावरचं नवं शिंग काढून शिकंज्यात आवळलं होतं.

"या, धरा घट्ट," ते म्हणाले. "वर्षभराचं काम आहे."