एकशे वीस चादरींची चिठ्ठी

“एकशे वीस चादरी म्हणजे काय रुमाल आहेत, खिशात घालून न्यायला?” वकील म्हणाला.

“तेच तर बाबा महिनाभर सांगतायत,” ठिणगी म्हणाली. “पण ऐकतंय कोण?”

“मी ऐकतोय की,” शेपूट म्हणाला.

तिघं लाँड्रीच्या मागच्या पायरीवर बसले होते. सुट्टीचा पहिला दिवस होता, पण तिघांचे चेहरे गणिताचा पेपर हातात पडल्यासारखे होते. ठिणगी बारा वर्षांची, चटकन पेटणारी. शेपूट हा तिचा आठ वर्षांचा भाऊ. ती जाईल तिथे मागोमाग हजर. आणि वकील म्हणजे लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्या काकांचा मुलगा. तेरा वर्षांचा हा मुलगा कुणी नसेल तर स्वतःशीच वाद घालत बसायचा. खरी नावं तिघांनाही होती, पण ती फक्त शाळेच्या हजेरीपुरती.

लाँड्रीत गावातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलच्या चादरी धुवायला यायच्या. ठिणगीची आई तिथे चादरींवर खुणा घालायची आणि बाबा गाडी चालवायचे. महिन्यापूर्वी बाबा धुतलेल्या एकशे वीस नव्या चादरींचे सहा गठ्ठे घेऊन हॉटेलवर गेले, तर स्टोअरला कुलूप. रखवालदार म्हणाला, “ठेवा जिन्याखाली, साहेब आले की सही घेऊन ठेवतो.” बाबांनी ठेवले आणि सही न घेता परत आले. नेमकी इथेच माशी शिंकली. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली गठ्ठे नव्हते आणि रखवालदाराला काही आठवत नव्हतं. चादरी सापडेपर्यंत मागच्या आणि चालू, अशा दोन्ही महिन्यांचं बिल देणार नाही, असं हॉटेलने कळवलं. लाँड्रीच्या मालकांनी हात वर केले. हॉटेलचे पैसे आल्याशिवाय मी पगार कुठून देऊ, म्हणाले.

दुसरा महिनाही कोरडाच गेला. घरात दूध निम्म्यावर आलं. गॅस पुरावा म्हणून आई दोन्ही वेळचं सकाळीच रांधून ठेवू लागली. बाबांच्या फोनवर फक्त येणारे फोन येत, जाणारा एकही जात नव्हता. कोपऱ्यावरचा दुकानदार तर हल्ली शेपटाला बघूनच वही मिटायचा.

आणि आज चार वाजता मुकादमाची गाडी येणार होती. तो बायकांना लांबच्या एका गावी फळं भरायच्या कामाला न्यायचा, तीन महिन्यांसाठी. गाडी हलली की उचल हातात, एकदम रोख. आईने आपलं नाव दिलं होतं.

“तीन महिने म्हणजे काय, चुटकीसरशी जातील,” असं ती आठवडाभर सांगत होती आणि वर गाणंही गुणगुणत होती. त्या गुणगुणण्याचा ठिणगीला भयंकर राग यायचा. जायचं आहे तर जा, पण निदान वाईट तरी वाटून घे.

“मी राजा आहे,” शेपूट मध्येच म्हणाला. त्याने गळ्याभोवती एक पांढरं कापड बांधलं होतं आणि त्यावर पिवळ्या रंगाचे ठिपके उडाले होते.

“हे कुठून उचललंस?”

“रंगारीकाकांनी दिलं. त्यांच्या सायकलवरच्या बादलीवर टाकलेलं होतं.”

रंगारीकाका त्यांच्याच गल्लीत राहायचे. ठिणगीने शेपटाला ओढून कापडाचं टोक हातात घेतलं आणि तिचे डोळे मोठे झाले. कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली होती. लाल फुली म्हणजे हॉटेल, निळी म्हणजे दवाखाना. पण फुली कुणीही घालेल. ठिणगीने कापड उलटं केलं. मागे दोऱ्याला गाठ नव्हती; दोरा उलट फिरवून त्याच टाक्यात अडकवला होता. गाठ इस्त्रीच्या रोलरखाली तुटते, म्हणून आई गाठ मारतच नसे. सगळ्या लाँड्रीत असं ती एकटीच करायची.

“वकील,” ती हळूच म्हणाली, “ही आईची फुली आहे. नवीन चादर आहे ही. त्या सहा गठ्ठ्यांत सगळ्या नवीनच होत्या.”

रंगारीकाका घरी ब्रश धूत बसले होते. प्रश्न ऐकून ते चकितच झाले.

“चोरीची? अगं, हॉटेलच्या स्टोअरच्या साहेबांनीच सांगितलं, जिन्याखालच्या जुन्या चादरी घ्या आणि वरच्या मजल्यावर सामानावर घाला. आम्ही घातल्या.”

“जुन्या एवढ्या स्वच्छ असतात?” वकिलाने विचारलं.

“मलाही वाटलं तसं. पण मोठ्या हॉटेलांचं काय सांगावं बाबा. दोनदा वापरली की झाली जुनी. काम काल संपलं. आता तीन वाजता कचऱ्याची गाडी येईल आणि सगळं घेऊन जाईल.”

“तीन वाजता? आज?” ठिणगी उठलीच. “काका, तुम्ही चला ना आमच्याबरोबर. हॉटेलच्या मालकीणबाईंना एवढंच सांगा.”

रंगारीकाकांनी ब्रश झटकला आणि मान खाली घातली. “पोरी, माझेही पैसे त्या साहेबांकडेच अडकलेत. त्यांच्याविरुद्ध बोललो तर ते बुडालेच समज. मला यात नको ओढूस.”

बाबा गाडी घेऊन कुठेतरी बाहेर होते. लाँड्रीच्या मालकांनी फुलीकडे धड बघितलंही नाही. “हॉटेलचं स्टोअर मी स्वतः दोनदा पाहिलंय,” ते म्हणाले. “तिथल्या साहेबांना पुन्हा दुखावलं तर पुढचं कामही जाईल. पळा, सुट्टी आहे, खेळा.”

घड्याळात पावणेदोन वाजले होते.

“आईला सांगू,” शेपूट म्हणाला.

“नको,” ठिणगी म्हणाली. “आणि चादरी नाहीच मिळाल्या तर? उगाच आशा लावून तिला गाडीत बसवायचं?” वकील या वेळी वाद न घालता नुसता डोकं खाजवत होता. ती त्याच्यावर उखडली, “तू काहीतरी बोल ना. एरवी तोंड बंद नसतं तुझं.”

“विचार करतोय. आपण ओरडत गेलो, की साहेब चादरी आधी कचऱ्यात टाकणार आणि मग बोलणार. त्यांची चूक आहे ना. म्हणजे आपल्याला त्यांच्याच सहीचा कागद पाहिजे.”

“ते कशाला सही देतील?”

वकिलाचे डोळे चमकले. “मी तुझ्या बाबांबरोबर गेलोय तिथे. आत काही ठेवताना सही नसली तरी कुणी विचारत नाही. पण बाहेर जाताना चमचासुद्धा चिठ्ठीशिवाय जात नाही. काय वस्तू, किती नग, कुठून आणली, सगळं लिहून खाली सही.”

“पळ,” ठिणगी म्हणाली.

हॉटेलच्या मागच्या फाटकावर पोचले तेव्हा दोन वाजले होते. स्टोअरचे साहेब व्हरांड्यात फोनवर बोलत होते. गोल चेहरा, खिशात तीन पेनं, आणि समोरच्या माणसाकडे न बघताच बोलायची सवय. ठिणगीने आवाज अगदी गरीब केला.

“साहेब, वरच्या रंगाच्या चादरी कचऱ्यात जाणार आहेत ना? आम्ही नेऊ? घरी फडकी होतील.”

साहेबांनी फोनवर हात ठेवला. “सगळ्या?”

“सगळ्या नेतो. जिनाही झाडून देतो.”

कचऱ्याच्या गाडीवाल्याला वरून खाली ओझं आणायचे वेगळे पैसे द्यावे लागायचे. साहेबांचा चेहरा खुलला. “न्या. लवकर न्या. आज संध्याकाळच्या आत मजला मोकळा पाहिजे.”

तिघं वर धावले. बंद मजल्यावर रंगाचा उग्र वास कोंडला होता. पलंग, कपाटं, आरसे, खुर्च्या, सगळं पांढऱ्या चादरींखाली झाकलेलं होतं. ठिणगी एकेक चादर ओढत होती, कोपरा उलटून बघत होती आणि पुढे जात होती. फुली. फुली. ही पण आईची.

विसाविसाचे ढीग करून त्यांनी ते खाली ओढत आणले. जिन्याखाली कोपऱ्यात एक धुळीने माखलेलं पोतं होतं. वकिलाने त्याचं तोंड उघडून बघितलं आणि पुन्हा बंद केलं.

फाटकावर रखवालदार आडवा आला. “चिठ्ठी?”

“अरे, कचरा आहे तो,” साहेब व्हरांड्यातून म्हणाले.

“नको साहेब,” वकील घाईघाईने म्हणाला. “नंतर कुणी म्हणेल, पोरांनी चादरी पळवल्या. आधीच लाँड्रीवाल्यांचं काय झालंय, माहीत आहे ना? द्या ना चिठ्ठी.”

साहेब कुरकुरत आले. “मोज रे,” ते रखवालदाराला म्हणाले.

रखवालदार मोजायला बसला. त्याच्याएवढं सावकाश मोजणारा माणूस ठिणगीने जन्मात पाहिला नव्हता. मध्येच तो चुकला आणि चाळिसापासून परत सुरू झाला. लांबून कचऱ्याच्या गाडीची घंटा ऐकू आली. पावणेतीन, तीनला दहा, तीनला पाच.

“एकशे एकोणीस,” तो शेवटी म्हणाला.

एक कमी. एकशे एकोणीस म्हटलं, की साहेब सरळ म्हणणार, या वेगळ्याच चादरी आहेत. तेवढ्यात शेपूट पुढे आला. त्याने गळ्याची गाठ सोडली आणि राजाचं राजवस्त्र रखवालदाराच्या हातात दिलं.

“हीपण इथलीच आहे,” तो म्हणाला. “मला पाहिजे होती, पण असू दे.”

साहेबांनी हसत खिशातलं मधलं पेन काढलं आणि लिहिलं: ‘रंगाने खराब चादरी, नग एकशे वीस, वरचा मजला, बाहेर नेण्यास परवानगी.’ खाली झोकदार सही ठोकली आणि तारीखही घातली.

वकिलाने चिठ्ठी हातात घेतली, दोनदा वाचली, आणि फाटकाबाहेर जायच्या ऐवजी वळून थेट मालकीणबाईंच्या ऑफिसच्या दारावर टकटक केलं.

“अरे ए, तिकडे कुठे?” साहेब धावले. पण ठिणगी आणि शेपूट हातात चादरी घेऊन आत शिरलेही होते.

मालकीणबाई चष्म्यावरून बघत राहिल्या. कुठून सुरुवात करायची, हे ठिणगीला कळेना. तिने इतका वेळ घट्ट धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. गठ्ठे, जिना, फुली, दोन महिने, चार वाजताची गाडी. “माझे बाबा चोर नाहीत,” ती म्हणाली. “सही घ्यायला विसरले, एवढंच. आणि त्यासाठी माझी आई चाललीय.”

“मॅडम, या जुन्या चादरी आहेत,” साहेब धापा टाकत म्हणाले.

“जुन्या चादरी जिन्याखाली पोत्यात आहेत,” वकील म्हणाला. “अजून तशाच. मी बघितल्या. रंगाऱ्यांनी पोत्याऐवजी शेजारचे गठ्ठे उचलले आणि महिनाभर वरच्या मजल्यावर हॉटेलचं कुणी फिरकलंच नाही.”

मालकीणबाईंनी चिठ्ठी वाचली. मग ड्रॉवरमधून एक फाईल काढली, एका पानावर बोट ठेवलं आणि चिठ्ठीवर दुसरं.

“हरवलेल्या चादरी, एकशे वीस,” त्या म्हणाल्या. “बाहेर जाणाऱ्या चादरी, एकशे वीस. हे अक्षर तुमचंच ना, साहेब?”

साहेबांनी तीन पेनांचा खिसा चाचपला.

“रंग आमच्या घरात सांडला, तेव्हा नुकसान आमचं,” मालकीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला. “मी लाँड्रीला आत्ता पूर्ण बिल पाठवते. त्या रंगाऱ्यांचे पैसे का राहिलेत, तेही बघते. आणि तुम्ही तिघं,” त्या थांबल्या, “माझ्याकडे पगारी माणसं आहेत, त्यांच्यापेक्षा चांगलं काम केलंत. आता गाडी गाठा. किती वाजले?”

साडेतीन वाजून गेले होते.

परतीची धाव ठिणगीला नंतर नीट आठवलीच नाही. वकिलाची चप्पल तुटली, ती त्याने हातात घेतली. शेपटाला दोघांनी दोन्ही हातांना धरून जवळजवळ उचलूनच आणलं. गल्लीच्या तोंडाशी मुकादमाची गाडी उभी होती, इंजिन सुरू होतं. आई मागच्या बाकावर, कडेला बसली होती. मुकादम उचलीच्या नोटा मोजत गाडीकडे येत होता.

“आई, उतर,” ठिणगी ओरडली. “चादरी सापडल्या. पगार येतोय. उतर.”

“काय गं हे? तमाशा करू नकोस रस्त्यात,” आई म्हणाली, पण तिचा हात बाकावर घट्ट आवळला होता.

“खरं आहे, काकू,” वकील म्हणाला. “मालकीणबाईंनी पैसे पाठवले. मी समोर होतो.”

मुकादम वैतागला. “बाई, बसायचं की नाही? एक जागा मी रिकामी नेणार नाही.”

तेवढ्यात लाँड्रीची गाडी समोर येऊन थांबली. बाबा उतरले आणि त्यांच्या मागून मालक. मालकांच्या हातात फोन होता आणि चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखा भाव.

“ताई, उतरा,” ते म्हणाले. “दोन्ही महिन्यांचे पगार आज सहाच्या आत. सगळ्यांचे.” मग ते बाबांकडे वळले. “माझं चुकलं. तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता. आणि या पोरीचं ऐकायला हवं होतं. मी हिला खेळायला पाठवत होतो.”

बाबांनी वकिलाच्या पाठीवर थाप मारली, शेपटाला खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने ठिणगीचं डोकं छातीशी दाबून धरलं. इस्त्रीवाले काका दारातून धावत आले आणि त्यांनी तुटक्या चपलेबद्दल आधी ओरडून मग मुलाला मिठीच मारली.

आई उतरली. मुकादमाची गाडी निघून गेली.

“मला का नाही सांगितलंस?” तिने ठिणगीला विचारलं.

“तू जाऊ दिलं नसतंस.”

“नसतंच दिलं,” आई म्हणाली आणि हसली. हसता हसताच ती रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली, तोंडाला पदर लावला आणि सगळ्यांदेखत रडायला लागली.

ठिणगी तिच्याकडे बघतच राहिली. म्हणजे आठवडाभर ते गाणं, ती चुटकी, सगळं खोटं होतं. तिलाही जायचं नव्हतं. ठिणगीचा सगळा राग कुठल्या कुठे गेला. ती आईला चिकटून बसली, आणि पगाराची वेळ होईपर्यंत दोघी तिथून उठल्या नाहीत.