अकरावी डहाळी

भुतं रात्रीच दिसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं. ही घटना भर दुपारची आहे आणि शंभर टक्के खरी आहे.

गेल्या वर्षीचा मार्च. मंगळवार. दुपारचे पावणेचार.

खडवली स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटांवर, डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे. नाव सांगणार नाही. शालूने तेवढी एकच अट घातली होती.

शालू म्हणजे त्या गावच्या वणवा पथकाची प्रमुख. वय पंचेचाळीस. आवाज असा, की हाक मारली तर अख्खा पाडा ताडकन उभा राहतो. तहान लागल्यावर विहीर खणणारी गावं पुष्कळ असतात. शालूचं गाव तसलं नव्हतं. फेब्रुवारीतच डोंगराखालचं गवत कापून दहा फुटांची मोकळी पट्टी काढायची. तिला जाळरेषा म्हणतात. वरून आलेली आग तिथे अडते.

आणि वणवा मोठा असला, तर जाळरेषेवरून आपणच डोंगराच्या बाजूला आग लावायची. दोन्ही आगी समोरासमोर आल्या की जळायला काही उरत नाही.

पण त्याआधी वर गेलेला प्रत्येक माणूस खाली आलाच पाहिजे.

त्यासाठी गावाची एक रीत होती. वर जाताना प्रत्येकाने आग झोडपायला निरगुडीची एक ओली डहाळी न्यायची. खाली आल्यावर ती शालूच्या पायाशी टाकायची. तोंडाला ओली फडकी, डोळ्यांत धूर, त्यात कोण कोणाला ओळखणार? म्हणून माणसं मोजायची नाहीत. डहाळ्या मोजायच्या.

त्या दिवशी डोंगरावर वणवा लागला आणि अकरा जण वर गेलेले. त्यात शालूची एकुलती एक मुलगी होती, कृतिका. डोंबिवलीला कॉलेजात शिकणारी. पथकाबरोबर पहिल्यांदाच जात होती.

"आई, किती टेन्शन घेतेस गं? येते अर्ध्या तासात," म्हणून हसत गेली.

वारा फिरला. शालूने परत फिरायची शिट्टी मारली.

एकेक जण धुरातून खाली येऊ लागला. शालू मान खाली घालून मोजत होती. सात... आठ... नऊ...

दहा.

मग बराच वेळ कोणी आलंच नाही.

वर गवत तडतडत होतं. पाखरांचा आवाज कधीच थांबला होता.

तेवढ्यात समोर एक डहाळी पडली...

पडल्याचा आवाज मात्र झाला नाही.

शालूला फक्त पावलं दिसली. अनवाणी. घोट्यापर्यंत राखेने माखलेली. बूट घातल्याशिवाय वर जायचं नाही, हा शालूचाच नियम होता. झापायला म्हणून तिने मान वर केली, पण धुराचा लोट आला आणि काही दिसेना.

असो. अकरा झाले होते. म्हणजे पोरगी आली. शालूचा जीव भांड्यात पडला.

तिने काडी ओढली आणि गवताला लावली.

आग सरसर वर चढायला लागली. शालूचा पुतण्या प्रितम तोंडावरचं फडकं सोडत जवळ आला.

"काकी, कृतिका कुठाय?"

"आली ना. अकरा मोजले मी."

"नाय आली, काकी. ती माझ्या मागे होती. सगळ्यात शेवटी मी आलोय."

शालूच्या पायाखालची जमीन सरकली.

"विझवा! आधी विझवा ती!"

सगळे डहाळ्यांवर तुटून पडले. दहा जणांच्या हातात दहा. शालू अकरावी उचलायला वाकली...

खाली काहीच नव्हतं.

तिने ओढणी काढली आणि ओढणीनेच आग झोडपायला लागली. हात भाजले, तेही तिला कळलं नाही. नशिबाने वारा पडला आणि आग आटोक्यात आली. मग ती तापलेल्या राखेतून वर धावत सुटली. देवाचं नाव आठवेना, फक्त पोरीचं आठवत होतं.

कृतिका कोरड्या नाल्यात एका खडकाला टेकून बसली होती. पाय मुरगळलेला. तिच्यापासून चार हातांवर गवत जळून काळं झालं होतं.

हात रिकामे.

"आई, तुला निरोप मिळाला ना?" तिने विचारलं.

"कसला निरोप?"

"एक म्हातारी आलेली. माझी डहाळी काढून घेतली. म्हणाली, तू बस बाय इथंच, आईला मी सांगते, तुझ्या जागी मी जाते."

"कशी होती गं?"

"डोक्यावर मोळीसाठी चुंबळ होती. आणि आई... तिच्या अंगाला जळल्याचा वास येत होता."

शालू पोरीला पाठुंगळीला घेऊन खाली आली.

डहाळ्या मोजायची रीत बारा वर्षांपूर्वी सुरू झाली होती. तेव्हा गावातली रंगूबाई एकटीच लाकूडफाटा आणायला वर गेली होती. कोणाला माहीत नव्हतं म्हणून खालून आग लावली गेली. असं गाव मानतं.

खरं काय ते शालूने मला सांगितलं. त्या सकाळी रंगूबाईला डोंगर चढताना तिने स्वतः पाहिलं होतं. गडबडीत विसरली. आग लावणारे हातही तिचेच होते.

रंगूबाई पोरीला वाचवायला आली होती, की तिथे बसवून ठेवायला? शालूला आजही कळत नाही. मलाही नाही.

यंदाचा मार्च लागलाय. परवाच समोरच्या डोंगरावर धूर दिसला. कृतिकाने घालायला बूट बाहेर काढून ठेवलेत. म्हणते, मी पुन्हा वर जाणार.

शालू तिला अडवत नाही. अडवलं, तर ती कारण विचारेल.