घुमारचं पेडल तापतं

११ जानेवारी. पहाटेपासून वारा. धूळ इतकी की तामनरासेतून डोंगर दिसत नव्हते. दुपारी एक वाजता दुकानात दिवा लावावा लागला. खोलीत सोळा अंश.

अखमदूनं एवढं वहीत लिहिलं आणि मगच घुमारचं पेडल उघडलं. गिटारवाल्यांनी पायानं दाबायची ही डबडी तो सहारातल्या या गावात वीस वर्षं बनवत होता, आणि हवा किती गार, किती गरम हे लिहिल्याशिवाय त्यानं आजवर एकही रेझिस्टर बदलला नव्हता. आतले जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उन्हाळ्यात बिथरतात. आवाज चोंदतो, तुटक तुटक येतो. म्हणून इथले वादक उन्हाळ्याच्या तोंडाशी रेझिस्टर कमी करून घेतात आणि थंडी पडली की पुन्हा वाढवून.

घुमार गेल्या जुलैत हेच पेडल घेऊन आला होता. "सणानंतर ये रे, आत्ता हात मोकळा नाही," असं अखमदूनं सांगितलं. घुमार दोन सोबत्यांसह ट्रक घेऊन सरहद्दीकडे गेला आणि वाटेत ट्रक बंद पडला. चौथ्या दिवशी लोक पोहोचले, तेव्हा पखाल कोरडी होती आणि तिघांपैकी कोणीच उरलं नव्हतं.

आता त्याची बायको तान्नस समोर बसून चहा फुंकत होती.

"होईल का?"

"वहिनी, मीच बनवलंय ते. न व्हायला काय झालं?"

"जुलैत असं म्हणाला असतास तर!"

अखमदूनं मान खाली घातली.

"चेष्टा केली रे. असं तोंड करू नकोस, फेट्याच्या पदराआडूनही दिसतं." तान्नसनं पेला खाली ठेवला. "परवा पोरीचं लग्न. मामा वाजवेल, पण बाबांच्याच पेडलवर आणि बाबांच्याच आवाजात, म्हणते. नाहीतर माझ्या लग्नाचा तंबू उभारूच नका. बापावर गेलीय, ऐकायची नाही."

अखमदूनं रेझिस्टरच्या जागी फिरतं बटण जोडलं. तार छेडत, केसाएवढं केसाएवढं फिरवत गेला. आवाज मोकळा झाला, तिथे थांबला. ट्रान्झिस्टरवर साडेचार व्होल्ट, बॅटरीच्या निम्मे, म्हणजे बरोबर. बटण काढून मोजलं: सहा पॉइंट आठ हजार ओहम. तेवढ्याच किमतीचा पक्का रेझिस्टर डाग देऊन बसवला.

दोन सूर नीट आले. तिसरा चोंदला.

पुन्हा बटण, पुन्हा मोजणी. पाच पॉइंट सहा. बसवला, चोंदला. मग चार पॉइंट सात. त्यानं वहीची जुनी पानं उलटली. चार पॉइंट सात एकदाच, काही वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं: 'जुलै, भर दुपार, ट्रकच्या टपावर, पंचावन्न अंश.'

भिंतीवरचा पारा सोळावरच होता. अखमदूनं ट्रान्झिस्टरला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"वहिनी... हे उन्हात ठेवलं होतंस?"

"कुठलं ऊन? घोंगडीत गुंडाळून आणलंय."

त्यानं बॅटरी काढली. गिटारची वायर काढली. ट्रान्झिस्टर निवेना. तापलेल्या दगडाचा वास खोलीभर पसरला. स्पीकरमधून नुसती खरखर येत होती. हळूहळू त्या खरखरीत काहीतरी हलू लागलं. कोरडा घसा आवंढा गिळू पाहतो... थांबतो... पुन्हा गिळू पाहतो...

तान्नसचा हात पेल्यावर तसाच राहिला.

"अखमदू," ती अगदी हळू म्हणाली, "पाणी दे त्याला."

त्यानं पखालीतून लाकडी भांडं काठोकाठ भरलं आणि पेडलशेजारी ठेवलं. ठेवताना थोडं सांडलं.

"घे, घुमार. मला उशीर झाला रे..."

काहीच झालं नाही. खरखर तशीच.

"बघत काय बसलायस?" तान्नस कुजबुजली. "तू बघत असताना तो कधी प्यायलाय?"

खरंच. घुमार जुन्या वळणाचा होता. फेट्याचा तोंडावरचा पदर चारचौघांत खाली करायचा नाही, प्यायचं ते पाठ फिरवून. दोघंही भिंतीकडे तोंड करून बसले. तान्नसनं डोळे मिटले. मागे भांडं जमिनीवर जरासं घासलं. मग घोट... सावकाश... एक, आणि बऱ्याच वेळानं दुसरा. तान्नसच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण तिनं हुंदका येऊ दिला नाही. पिणाऱ्याला संकोच वाटू नये.

खरखर थांबली तेव्हा अखमदू वळला. भांडं अर्धं होतं. ट्रान्झिस्टर गार. त्यानं बॅटरी घातली, वायर जोडली, बटण लावून पुन्हा मोजलं: आठ पॉइंट दोन. थंडीतली घुमारची नेहमीची किंमत. पक्का रेझिस्टर बसवला आणि तार छेडली.

"हाच," तान्नस म्हणाली. "हाच आवाज."

१३ जानेवारी. वारा पडला, आकाश स्वच्छ. रात्री सहा अंश. तंबू उभा राहिला. मामानं सात गाणी वाजवली, आवाज एकदाही तुटला नाही. सातव्या गाण्यानंतर मोजलं: साडेचार व्होल्ट. पेडलशेजारी भरून ठेवलेलं भांडं रिकामं. काठावर धुळीच्या ओठांचे ठसे. तीन, तिन्ही वेगवेगळ्या मापांचे.